चिठ्ठीवरचा ‘फिट’ : थोडी पार्श्वभूमी

आपल्या नाशिकच्या गटात जिगसॉ पझलचे (चित्राचे तुकडे जोडायचे) बॉक्स अदलाबदलीसाठी फिरतात, आणि प्रत्येकात मार्क द्यायची एक चिठ्ठी असते. दिवाळीपासून ती चिठ्ठी बदललीये. आधी पाच रकाने होते, चित्र, पुठ्ठा, कट (तुकडे कसे कापलेत), फिट आणि तुकडे पूर्ण की नाही, आता सहा झालेत कारण ‘फिट’चे दोन केलेत. नवीन आलेल्या चार-पाच घरांना प्रश्न पडलाय की एवढ्याशा रकान्यावरून महिनाभर डोकी कशाला फोडली, म्हणून मागचं सगळं एकदा लिहून ठेवते. कडा आधी लावायच्या, रंग वेगळे काढायचे, ताटं-परातींमध्ये तुकडे ठेवायचे वगैरे सांगत बसत नाही, ते सगळ्यांना येतं.

लांबचा इतिहास पटकन उरकते. १७६० च्या दशकात लंडनमधल्या एका नकाशे कोरणाऱ्याने नकाशा लाकडी फळीवर चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून करवत फिरवली, मुलांना भूगोल शिकवायला. त्याच शहरात एक फ्रेंच शिक्षिका त्याच्याही आधी असे लाकडी नकाशे वापरत होती असं म्हणणारे अभ्यासक आहेत, पण पुस्तकांत नाव लागलं ते त्या कोरणाऱ्याचं. जिगसॉ हे नाव तेव्हा नव्हतंच, ते विसाव्या शतकाच्या तोंडावर कधीतरी चिकटलं, आणि गंमत म्हणजे जिगसॉ ही मुळात एक करवत, पण कापायला वापरायचे ती नक्षीकामाची बारीक पात्याची करवत, जिला नीट जिगसॉ म्हणताही येत नाही.

हा नकाशा आपल्यातल्या बहुतेकांनी लहानपणी हातात धरलाय. भारताचा, एक राज्य म्हणजे एक तुकडा. माझ्याकडे होता त्यात मध्य प्रदेश एवढा दांडगा होता की तो ठेवला की अर्धं काम झालं, मग २००० च्या नोव्हेंबरात पंधरा दिवसांत छत्तीसगड, उत्तरांचल आणि झारखंड अशी तीन राज्यं झाली आणि तो बॉक्स माळ्यावर गेला. पुढे २०१४ ला तेलंगण, २०१९ ला केंद्रशासित लडाख. गटातल्या एकीने मागे असाच एक जुना नकाशा अदलाबदलीत टाकला होता आणि ‘तुकडे पूर्ण’मध्ये ‘हो, तेव्हाचे’ असं लिहिलं होतं, मला ते फार आवडलं.

पण मुद्दा असा की या नकाशाच्या तुकड्यांना कान, म्हणजे शेजारच्या खाचेत अडकणारी टोकं, नव्हते. एक तुकडा दुसऱ्याच्या शेजारी नुसता बसायचा, अडकायचा नाही. केरळ जागेवर बसलं म्हणजे बरोबर बसलं, एवढाच ‘फिट’चा अर्थ. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

मोठ्यांचा छंद म्हणून जिगसॉ आलं ते १९०८-०९ च्या सुमाराला, अमेरिकेत. तेही लाकडी, हाताने एकेक कापलेलं, म्हणजे महाग. १९०९ मध्ये तिथल्या एका मोठ्या खेळवाल्या कंपनीने काही काळ बाकी सगळं थांबवून फक्त हेच बनवलं होतं इतकी मागणी. तेव्हा बॉक्सवर चित्र नसायचं, आणि कापणारे मुद्दाम रंगाच्या रेषेवरून कापायचे, म्हणजे निळा संपला तिथे तुकडा संपला, शेजारचा हिरवा कसा ओळखणार? बहुतेक तुकडे एकमेकांत अडकायचे पण नाहीत. कोपर लागलं की संध्याकाळ गेली. त्यामुळे आपल्या गटात जे म्हणतात ना की झाकणावरचं चित्र बघणं म्हणजे चीटिंग, त्यांच्या बाजूने इतिहास आहे खरा, पण मग त्यांनी कान असलेले तुकडेही सोडावेत असं माझं म्हणणं. असो.

पुठ्ठा आला आणि सगळं बदललं. १९३० नंतर अमेरिकेत मंदी, लोकांकडे पैसे नाहीत आणि वेळच वेळ, तेव्हा डायने कापलेली पुठ्ठ्याची पझल्स आली. दर आठवड्याला नवीन, पेपरच्या स्टॉलवर २५ सेंटला. १९३३ च्या सुरुवातीला आठवड्याला एक कोटीपर्यंत विक्री गेली होती. लायब्ररीतून आणि औषधांच्या दुकानांतून भाड्यानेही मिळायची, म्हणजे आपण गंगापूर रोड ते नाशिकरोड जे पिशव्यांतून पोचवतो ते नव्वद वर्षांपूर्वी होऊन गेलंय.

डाय म्हणजे काय हे सातपूरच्या पॅकेजिंग युनिटमध्ये डाय-पंचिंगवर आयुष्य गेलेल्या आपल्या काकांनी एकदा बिस्किटाच्या खोक्यावर दाखवलं होतं. प्लायवूडमध्ये पोलादी पाती हव्या त्या आकारात वळवून बसवायची, चित्र चिकटवलेला बोर्ड खाली, वरून दाब, एका दणक्यात सगळे तुकडे. डाय महाग म्हणून एकच डाय शंभर चित्रांना वापरतात. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन पझल्सचे तुकडे एकमेकांत चपखल बसू शकतात, आणि परदेशात काही कलाकार याच गोष्टीचा फायदा घेऊन दोन चित्रं मिसळून तिसरंच काहीतरी बनवतात. पातं बोथट झालं की कडा दबतात, धूळ पडते, तुकडा सैल होतो. आणि डाय साध्या उभ्या-आडव्या ओळींची असेल तर बरेच तुकडे सारख्या आकाराचे निघतात, मग चुकीचा तुकडा चुकीच्या जागी आरामात बसतो आणि दोन दिवसांनी कळतं.

आता आपल्याकडे. २०२० च्या फेब्रुवारीतल्या बजेटमध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० टक्क्यांवरून ६० वर गेली, आणि कस्टमच्या यादीत सगळ्या प्रकारची पझल्स खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात, बाहुली आणि तीनचाकी सायकल यांच्या शेजारी. त्यात हजार तुकड्यांचं, चाळिशीतल्या माणसासाठीचं पझलही आलं. दीड महिन्यात लॉकडाऊन. म्हणजे मागणी जगभर वर आणि परदेशी माल इथे येईपर्यंत दुप्पट भावाचा वाटावा असा. २०२३ ला ड्युटी ७० झाली. मला स्वतःला हे वर्गीकरण पटत नाही पण त्यातूनच आपला गट झाला हेही खरं, कारण नवीन घेणं परवडेना तेव्हा घरात होतं ते फिरवायला लागलो. इंदिरानगरच्या एका सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमध्ये दोन बॉक्स ठेवून सुरुवात, आणि प्रत्येक बॉक्स तीन दिवस उन्हात ठेवल्याशिवाय उघडायचा नाही हा नियम, आता हसू येतं.

(बॉक्सवरचं १४+ म्हणजे अवघडपणा नाही बरं का. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला आणि तिथे खेळणं म्हणजे १४ वर्षांखालच्या मुलांसाठी अशी व्याख्या आहे, १४+ म्हणजे त्या व्याख्येबाहेरचं. नवीन मंडळी १४+ बघून घाबरतात.)

पहिल्या चिठ्ठीवर एकच ओळ होती, तुकडे पूर्ण. त्यावरूनही एक तमाशा झालेला, एका घरी मोजले तर १०२६ निघाले, त्यांना वाटलं दुसऱ्या बॉक्समधले मिसळले, दोन दिवस सगळ्यांना फोन. हजारचं पझल बऱ्याचदा ३८ गुणिले २७ असतं, ते १०२६ होतात. अचूक हजार हवे तर ४० गुणिले २५. दोन्हीत कडेचे तुकडे मात्र १२६ च, म्हणून तेव्हापासून परत करताना फक्त कडा मोजायची पद्धत पडली. आतला एखादा गेला तर जोडल्याशिवाय कळत नाही, त्याला इलाज नाही.

मग देशी कंपन्यांचे पाचशे-हजारवाले बॉक्स यायला लागले, काही उत्तम, काही कप्पा बोर्डवर (वह्यांच्या बांधणीचा करडा पुठ्ठा) फोटो चिकटवल्यासारखे, आणि लोक विचारायला लागले की घेऊ का. तिथे मार्क आले. चित्र, पुठ्ठा आणि कट यावर कधी भांडण झालं नाही. पुठ्ठा जाड की पातळ, ट्यूबलाइटखाली चकाकतो की नाही, धूळ किती पडते, हे हाताला आणि डोळ्याला कळतं. भांडण फिटवरून.

एका डोंगर-तळ्याच्या हजारी पझलला गेल्या वर्षी सहा घरांनी मार्क दिले, फिटमध्ये ५, ५, २, ४, १, ५. एकाच वस्तूला! विचारल्यावर कळलं की प्रत्येकाच्या डोक्यात फिट वेगळा. ज्यांनी ५ दिले त्यांनी पूर्ण झालेलं पझल एका कडेला धरून उभं उचललं होतं आणि ते चादरीसारखं अख्खं वर आलं, म्हणजे फिट्ट, डब्याच्या झाकणासारखं. ज्यांनी १ दिला त्यांना आकाशात चौदा तुकडे चुकीच्या जागी बसलेले सापडले, म्हणजे त्यांच्या मते तुकडा फक्त स्वतःच्या जागी बसला तरच तो फिट. आणि ४ देणारे आजोबा म्हणाले, सगळे तुकडे शेवटी बसले की, अजून काय पाहिजे. तो आपला लहानपणचा केरळवाला अर्थ.

तिघंही बरोबर आहेत हीच अडचण. नकाशाच्या काळात तिसरा, आजोबांचा अर्थ होता, पुठ्ठ्याला कान-खाचा आल्यावर ‘अडकून राहतं’ ही जाहिरात करायची गोष्ट झाली तिथून पहिला अर्थ, आणि सरळ ओळींच्या डायमुळे फसवे तुकडे वाढले तिथून दुसरा. शब्द एक, त्यात तीन काळ बसलेले. त्यात मराठीत आपण सगळ्यालाच फिट म्हणतो, ब्लाऊज फिट, स्क्रू फिट, आजोबा ऐंशीला पण फिट. पंचवटीतल्या आजींनी तर कहर केला, म्हणाल्या आमच्यात लुगडं फिटलं म्हणजे सुटलं, तर तुमचा जास्त फिट म्हणजे जास्त सैल का? हसलो सगळे पण पुढच्या आठवड्यात एका चिठ्ठीवर खरंच कुणीतरी उलटे मार्क दिलेले निघाले.

महिनाभर चाललं. एका बाजूचं म्हणणं, फसवे तुकडे हा कटचा दोष, तो कटच्या रकान्यात टाका, नवीन रकाना नको. ऐकायला बरोबर वाटतं. पण कटमध्ये लोक आकारांची मजा बघतात, वेडेवाकडे तुकडे असले की ५, आणि वेड्यावाकड्या कटमध्येही सैल पुठ्ठा असला तर चुकीचं बसतंच. दुसरे म्हणाले मार्कच नको, वेळ लिहा, २०१९ पासून स्पेनमध्ये वायाडोलिडला जागतिक स्पर्धा होते तिथे एकट्याला पाचशे तुकडे आणि घड्याळ, तसं करू. यावर मी सरळ विरोधात होते आणि आहे. आपल्याकडे पझल चौरंगावर पंधरा दिवस पडून असतं, येताजाता दोन तुकडे लावायचे, रविवारी मिसळ खाऊन हात धुवून बसायचं, त्यात वेळ काय लिहिणार.

शेवटी नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरलं ते असं. ‘पकड’ म्हणजे उचलल्यावर किती टिकतं, पाचपैकी मार्क. ‘फसवे’ म्हणजे चुकीच्या जागी बसलेले किती सापडले, मार्क नाही, सरळ आकडा. आजोबांचा अर्थ ‘तुकडे पूर्ण’मध्येच धरला. जुन्या साठेक चिठ्ठ्या बदललेल्या नाहीत, त्यावरचा फिट वाचताना कुणी लिहिलंय ते बघून अंदाज घ्या, नाहीतर दुर्लक्ष करा.

एक गोष्ट मात्र ठरवताना कुणाच्या लक्षात नव्हती आणि सातपूरच्या काकांनी नंतर काढली. पुठ्ठा हवेतलं पाणी पितो. तेच तळ्याचं पझल एप्रिलमध्ये सैल होतं आणि जुलैत, गोदेला पाणी चढलेलं असताना, एकेक तुकडा अंगठ्याने दाबून बसवावा लागला. म्हणजे पकड पझलची की पावसाळ्याची? रकाना अजून वाढवायला कुणी तयार नाही. त्या बॉक्समध्ये सध्या नवीन चिठ्ठी आहे, पकड ४, फसवे १४, आणि खाली काकांनी पेन्सिलने बारीक लिहिलंय, जुलै.