रेडिएटर मोठा, तरी इंजिन का तापते?

उन्हाळ्यात खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकू लागला, की अनेक हौशी मालक जाड रेडिएटर, जास्त क्षमतेचा वॉटर पंप आणि नवे पंखे बसवून घेतात. एवढे करूनही गाडी तापत राहिली, तर एक समज हमखास पुढे येतो: नव्या पंपामुळे पाणी रेडिएटरमधून इतक्या वेगाने जाते, की त्याला निवायला वेळच मिळत नाही. हा समज चुकीचा आहे आणि तो का चुकीचा आहे हे समजून घेताना दोष शोधण्याची एक उत्तम रीत आपल्या हाती येते.

उष्णता म्हणजे वस्तुमान, विशिष्ट उष्मा आणि तापमानातील फरक यांचा गुणाकार, हे सूत्र आपण शाळेत शिकलो आहोत. चढावर इंजिन दर सेकंदाला 30 किलोज्यूल उष्णता कूलंटला, म्हणजे त्याला थंड ठेवणाऱ्या द्रवाला, देते असे धरू. पाणी आणि ग्लायकॉल निम्मे-निम्मे असलेल्या कूलंटचा विशिष्ट उष्मा किलोमागे, अंशामागे सुमारे 3.5 किलोज्यूल असतो. दर सेकंदाला 1 किलो कूलंट फिरत असेल, तर रेडिएटरमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना त्याच्या तापमानात सुमारे 8.6 अंशांचा फरक पडेल. प्रवाह दुप्पट केला, तर फरक 4.3 अंशांवर येईल. एका फेरीत कूलंट कमी निवते हे खरे, पण तेवढ्याच वेळात फेऱ्या दुप्पट होतात. शिवाय वेगवान प्रवाहात रेडिएटरचा बाहेर पडण्याकडचा भागही गरम राहतो, त्यामुळे हवा आणि धातू यांच्यातील सरासरी फरक वाढतो आणि उष्णता उलट अधिक सहजपणे बाहेर पडते.

मग थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, काढून टाकल्यावर काही गाड्या खरोखरच जास्त का तापतात? अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याची खालची चकती बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारा, मार्ग बंद करते. तो काढला, की कूलंटचा बराच भाग रेडिएटरला वळसा घालून थेट पंपाकडे परततो. येथे दोष वेगाचा नसून चुकलेल्या वाटेचा असतो.

म्हणून सुटे भाग पुन्हा बदलण्याआधी रेडिएटरच्या दोन्ही टोकांचे तापमान मोजावे. इन्फ्रारेड तापमापक चकचकीत ॲल्युमिनियमवर प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो, त्यामुळे त्या जागी काळी चिकटपट्टी लावून मोजणे आवश्यक आहे. काटा वर चढत असताना दोन्ही टोके कढत असतील आणि त्यांच्यातील फरक थोडा असेल, तर कूलंट व्यवस्थित येत आहे, पण हवा उष्णता नेत नाही. फरक बराच मोठा असेल, तर रेडिएटरमधून जाणारा प्रवाहच अपुरा आहे.

हवेचा हिशेब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. तेच 30 किलोज्यूल वाहून नेताना 40 अंशांची हवा 80 अंशांपर्यंत तापते असे मानले, तर दर सेकंदाला सुमारे 660 लिटर हवा लागते. जाड रेडिएटर हवेला जास्त अडवतो आणि श्राउडशिवाय (पंख्याभोवतीच्या आवरणाशिवाय) बसवलेला पंखा मुख्यतः आपल्या वर्तुळापुरतीच हवा ओढतो. विद्युत पंख्याच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर तो समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच झगडतो. गाडी थांबल्यावर तापते आणि महामार्गावर निवते, तेव्हा संशय प्रथम येथेच घ्यावा. अशा गाडीत तापमान उतरवण्याचा दावा करणारी महागडी बाटली ओतून काहीही साधत नाही, कारण कोणतेही रसायन हवेची उणीव भरून काढू शकत नाही.

महामार्गावरच तापणाऱ्या गाडीत मात्र पंपाकडे जाणारी नळी जास्त आरपीएमला पंपाच्या ओढीने चपटी होते का, हे पाहावे. ती तशी होऊ नये म्हणून काही गाड्यांत आत स्प्रिंग असते. रेडिएटरचे झाकणही तपासावे. वातावरणापेक्षा 1 बार अधिक दाबाखाली पाणी सुमारे 120 अंशांना उकळते. झाकण दाब धरत नसेल, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवती वाफेचा थर साचतो आणि तेथील धातूची उष्णता कूलंटपर्यंत नीट पोहोचत नाही. नवे भाग बसवताना आत अडकलेली हवाही असाच घोळ करते. ती पूर्ण काढल्यानंतरही बुडबुडे येतच राहिले, तर हेड गॅस्केटमधून (इंजिन ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामधल्या सीलमधून) ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये शिरत असावेत. पेट्रोल गाडीत ते असल्यास तपासणीचे निळे द्रावण पिवळे पडते, आणि मग दुरुस्ती रेडिएटरची नव्हे, इंजिनाची करावी लागते.