खुंटी किती लांब ठेवायची? लघुउद्योजकांच्या मार्गदर्शनाची पार्श्वभूमी

उद्योजकता प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला बाकी काही आठवो न आठवो, कड्यांचा खेळ नक्की आठवतो. जमिनीवर एक खुंटी, हातात तीन-चार कडी, आणि कुठं उभं राहायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. काही जण खुंटीच्या अगदी डोक्यावर उभे राहतात, कडं सहज पडतं. काही जण थेट भिंतीपाशी जातात. पडलं तर टाळ्या, नाही पडलं तर एवढ्या लांबून कुणाला जमणार होतं, असं म्हणायला मोकळे. थोडेच जण मधलं अंतर निवडतात, एक कडं टाकून पाहतात आणि मग पाऊलभर पुढे किंवा मागे सरकतात.

हा खेळ आपल्याकडच्या वर्गांत आला तो हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या कामातून. ज्यांना काहीतरी स्वतःच्या हिमतीवर करून दाखवायची आच असते, ते लोक पेलेल एवढीच जोखीम घेतात आणि चुकलं की अंतर बदलतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. ही वृत्ती शिकवता येते का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर शोधायला ते भारतात आले. आंध्रातल्या काकिनाडा या बंदराच्या गावातल्या पन्नासएक व्यापारी-उद्योजकांना १९६४ पासून हैदराबादच्या लघुउद्योग विस्तार प्रशिक्षण संस्थेत नेऊन छोटे निवासी वर्ग घेतले गेले. त्याआधी मुंबईतही काही उद्योग-अधिकाऱ्यांसाठी असा वर्ग झाला होता. काकिनाड्याचे लोक परतल्यावर त्यांच्यावर काही काळ लक्ष ठेवलं गेलं आणि शेजारच्या राजमहेंद्रीतल्या, प्रशिक्षण न घेतलेल्या व्यावसायिकांशी तुलना झाली. शिकून आलेल्यांनी नव्या कामांत जास्त पुढाकार घेतला, जास्त पैसा गुंतवला. जात किंवा पारंपरिक समजुती यांचा अडसर होईल अशी भीती होती, तीही फारशी खरी ठरली नाही. ‘धंदा रक्तात असावा लागतो’ हे वाक्य आपण घराघरांत ऐकतो. त्याला या देशात पद्धतशीर आव्हान मिळालं ते काकिनाड्यात, असं मी मानतो.

त्याआधी मार्गदर्शन नव्हतं असं नाही, पण त्याचा रोख यंत्राकडे आणि मालाकडे होता. फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं आलेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ पथकाच्या शिफारशींवरून १९५४ नंतर लघुउद्योगांसाठी केंद्र सरकारची यंत्रणा उभी राहिली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथे लघुउद्योग सेवा संस्था निघाल्या. कल्पना शेतीविस्तारासारखीच होती: जसा कृषी अधिकारी बांधावर जातो, तसा तंत्रज्ञ कारखान्यात जाईल, लेथवरची अडचण सोडवेल, कोणत्या मालाला मागणी आहे ते सांगेल. काम उपयोगाचं होतं. पण यंत्रामागे उभ्या असलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न त्या चौकटीत बसत नव्हता.

मराठी मुलखात तो प्रश्न जुनाच होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे लोखंडी नांगर केला, आणि लोखंडानं जमीन नासते या समजुतीपायी गिऱ्हाईक मिळायला त्यांना दीर्घ वाट पाहावी लागली. त्या वाट पाहण्याच्या काळात धंदा कसा चालू ठेवायचा, हे त्यांना शिकवणारी संस्था नव्हती. शिकवण पसरली ती मासिकांतून. नागपूरचं ‘उद्यम’ १९१९ मध्ये निघालं, किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ १९२० मध्ये. पुण्यात १९३४ साली आ. रा. भट यांच्या पुढाकारानं मराठा चेंबर ही व्यापारी-कारखानदारांची संघटना उभी राहिली. छोट्या कारखानदाराला सरकारदरबारी आवाज आणि आपसांत बोलायला जागा मिळाली. एका नवख्याच्या शेजारी बसून त्याचा हिशेब तपासणं मात्र यातल्या कुणाचंच नेमलेलं काम नव्हतं.

ते काम पहिल्यांदा शिस्तीत आलं गुजरातेत. तिथल्या औद्योगिक महामंडळांनी १९६९ च्या सुमारास तांत्रिक शिक्षण घेतलेल्यांना तारणाशिवाय पूर्ण कर्ज द्यायची योजना काढली. पैसा होता, डोक्यात यंत्रही होतं, पण धंदा चालवायचा म्हणजे काय हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं. म्हणून १९७० मध्ये उद्योजकता विकास कार्यक्रम सुरू झाला. आधी माणूस पारखायचा, मग काही आठवडे त्याच्याकडून प्रेरणा, बाजारपाहणी, हिशेब आणि प्रकल्प अहवाल यांची तयारी करून घ्यायची, आणि कर्ज मंजूर होईपर्यंत त्याच्या मागे राहायचं. व्ही. जी. पटेल हे या कामाचे मुख्य सूत्रधार. याच अनुभवातून १९८३ मध्ये अहमदाबादजवळ भारतीय उद्योजकता विकास संस्था उभी राहिली आणि इथला साचा देशभर गेला.

महाराष्ट्रात जिल्हा उद्योग केंद्रं १९७८ पासून होतीच. उद्योगांना सल्ला आणि प्रशिक्षण देणारी पुण्याची मिटकॉन ही संस्था १९८२ मध्ये आली. १९८८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झालं. ‘एमसीईडी’ या नावानं ते जिल्ह्याजिल्ह्यांत पोचलं. मुख्यालय मुंबई-पुण्याबाहेर ठेवलं हे मला महत्त्वाचं वाटतं. मराठवाड्यातल्या आयटीआय झालेल्या मुलाला कड्यांचा खेळ आणि डोळे बांधून ठोकळ्यांचा मनोरा रचण्याचा खेळ आपल्याच भागात, आपल्याच भाषेत खेळायला मिळाला.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत जास्त टोचतो.

१९९३ मध्ये पंतप्रधान रोजगार योजना आली आणि प्रशिक्षण कर्जाच्या फाईलला जोडलं गेलं. २००८ मध्ये ती योजना ग्रामीण रोजगार निर्मितीच्या योजनेत मिसळून पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम झाला, महाराष्ट्रानं २०१९ मध्ये मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम काढला. अनुदानासाठी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून वर्ग भरले. पण वर्गात बसलेल्याचा प्रश्न बदलला. ‘हा धंदा मला झेपेल का?’ याच्या जागी ‘किती लाखांची केस बसते आणि सबसिडी किती?’ हे आलं. प्रकल्प अहवाल करून देणारे एजंट तालुक्याच्या ठिकाणी बसू लागले. त्यांच्या अहवालात पहिल्याच वर्षी क्षमतेच्या साठ-सत्तर टक्के उत्पादन आणि सगळी विक्री रोखीनं! कडं टाकणाऱ्याला न विचारताच त्याला भिंतीपाशी उभं केलं जात होतं. यात दोष एकट्या तरुणाचा नाही. किती जणांना शिकवलं आणि किती प्रकरणं मंजूर झाली, यावर काम मोजलं की उद्घाटनाची फीत कापली तिथं सगळ्यांचं काम संपतं. धंद्याचं खरं दुखणं त्यानंतर आठ-दहा महिन्यांनी सुरू होतं. हप्ता चालू झालेला असतो, माल गेलेला असतो आणि पैसे आलेले नसतात.

याची जाणीव कुणालाच नव्हती असंही नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदान लगेच हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं आणि धंदा चालू असल्याची पडताळणी झाल्यावर कर्जात वळतं होतं. अनेकांना ही अट जाचक वाटते, मला ती या योजनेतली सर्वांत शहाणी अट वाटते. फक्त त्या तीन वर्षांत माणसाजवळ कुणीतरी असायला हवं.

ते ‘कुणीतरी’ दुसऱ्या वाटांनी आलं. कर्नाटकात धर्मस्थळाजवळच्या उजिरे इथे १९८२ मध्ये डॉ. वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकारानं, सिंडिकेट आणि कॅनरा बँकांच्या साथीनं रुडसेटी ही ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगार शिकवणारी संस्था सुरू झाली. वर्ग छोटा, निवासी, फुकट. पण वर्ग संपल्यावर दोन वर्षं पाठपुरावा करायचा, पत्रं लिहायची, घरी जाऊन यायचं, बँकेत शब्द टाकायचा. आज जिल्ह्याजिल्ह्यांत बँका चालवतात त्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था याच नमुन्यावर आहेत, आणि दोन वर्षांचा पाठपुरावा त्यांच्या नियमातच आहे. भारतीय युवा शक्ती ट्रस्टनं १९९२ पासून प्रत्येक तरुण उद्योजकामागे एक अनुभवी व्यावसायिक मेंटॉर देण्याची पद्धत आणली. पुण्याच्या परिसरातही हे काम झालं. साताऱ्याच्या माणदेशात चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकारानं १९९७ मध्ये म्हसवडला महिलांची सहकारी बँक निघाली, आणि २००६ मध्ये तिच्या जोडीला बायकांसाठी बिझनेस स्कूल. पुढे ते बसमधूनही गावोगाव फिरू लागलं. शेळ्या, शिलाई, भाजीचा गाळा असे धंदे करणाऱ्या बायकांना शिकवायला शाळाच त्यांच्या दारी गेली. शिकवणाऱ्या आणि कर्ज देणाऱ्या संस्था एकाच घरातल्या असल्या की बाईचा धंदा कुठं अडलाय हे लवकर कळतं.

आता या कामात कायद्याचीही भर पडली आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं ही तरतूद २००६ च्या कायद्यात आहेच. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची प्राप्तिकरातली वजावट पैसे प्रत्यक्ष दिल्याशिवाय मिळत नाही. पण आपली उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी झालेली नोंद, बिलावर छापायला हवी, ऑर्डर लेखी घ्यायला हवी, हे नवख्याला सांगणार कोण? सलग दोन-तीन वर्षं सोबत करणारा मार्गदर्शक म्हणूनच धंदा वाढवायचा विषय निघाला की प्रकल्प अहवाल बाजूला ठेवतो आणि उधारीची वही मागतो. कुणाकडे, किती दिवसांपासून, किती अडकलंय, ते आधी वाचतो. नव्या मशीनचं बोलणं त्यानंतर.