एका जनुकाचा आवाज बारीक होतो तेव्हा

कोल्हापुरात सकाळी रंकाळ्यावर फिरायला गेलं की रसाच्या गाड्यांवर ‘इम्युनिटी वाढवा’ अशा पाट्या दिसतात. कारल्याचा रस खुशाल प्या. पण साठीनंतर प्रतिकारशक्ती का उतरते, याचं बरंचसं उत्तर छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत आहे, आणि तिथं हा रस काही करत नाही.

1961 साली जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढून पाहिली, तोवर ती बिनकामाचीच समजली जाई. अस्थिमज्जेतल्या कच्च्या पेशी इथं येऊन टी-पेशी, म्हणजे रोगजंतू ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, होतात. कडक वस्तादाची तालीमच ती: शरीराची खूण वाचता येत नाही ती पेशी बाद, आपल्याच माणसांवर हात टाकणारीही बाद. शंभरातल्या पाचसुद्धा पार होत नाहीत.

या ग्रंथीच्या अस्तरपेशींवर हुकूम चालतो फॉक्सएन1 या जनुकाचा. ते बिघडलेला उंदीर जन्मतः बोडका असतो, कारण केस घडवायलाही हेच जनुक लागतं. बाहेर केस नाहीत, आत थायमस नाही. असा उंदीर परक्या प्राण्याचं कातडंही नाकारत नाही, म्हणून माणसाच्या कर्करोगाच्या गाठी वाढवायला प्रयोगशाळेत त्यालाच मागणी.

फॉक्सएन1चं प्रथिन डीएनएवर बसून सीसीएल25 आणि डीएलएल4 ही जनुकं चालू करतं. पहिलं कच्च्या पेशींना ग्रंथीत बोलावतं. दुसऱ्याचं प्रथिन त्यांच्या अंगावरच्या नॉच या ग्राहीला, म्हणजे इशारा झेलणाऱ्या प्रथिनाला, भिडतं; तो इशारा मिळाला तरच पेशी ‘टी’च्या वाटेला लागते, नाहीतर ‘बी’ या दुसऱ्या जातीची रोगप्रतिकारक पेशी होते. वय वाढतं तसा फॉक्सएन1चा आवाज बारीक होतो, अस्तरपेशी घटतात, त्यांची जागा चरबी घेते. वयात येताना लैंगिक संप्रेरकं या घसरणीला आणखी जोर देतात. जुन्या रोगांची ओळख ठेवणाऱ्या पेशी टिकतात, पण नव्या टी-पेशी कमी घडतात, म्हणून अनोळखी विषाणू आला की पंचाईत.

2014 साली एडिनबरा विद्यापीठात क्लेअर ब्लॅकबर्न यांच्या गटानं म्हाताऱ्या उंदरांत या एकाच जनुकाचा आवाज चढवला, तर थायमस पुन्हा वाढली. अर्थात त्या उंदरांच्या जनुकांत तशी सोय आधीच करून ठेवली होती; माणसासाठी अशी गोळी नाही.

थायमसशिवाय जन्मलेल्या बाळांसाठी मात्र अमेरिकेत 2021 साली थायमस-ऊतीचं रोपण मंजूर झालं. हृदयाच्या शस्त्रक्रियेत वाट करायला दुसऱ्या बाळांच्या थायमसचा भाग काढावा लागतो, तोच वाढवून मांडीच्या स्नायूत बसवतात. टी-पेशी यायला सहा महिने ते वर्ष लागतं.