पुण्यातील पेठा आणि वाडे

पेठ ही जुन्या पुण्यातील वस्तीची, तर वाडा ही तेथील घराची घडण असून दोहोंचे रूप राज्यकर्त्यांच्या आज्ञेइतकेच रहिवाशांचे व्यवसाय, कुळाचार आणि जातीजातींमधील अंतर यांनी ठरवले. कसबा ही सर्वांत जुनी पेठ होय. तेथील तांबट आळी, कुंभारवाडा ही नावे कारागिरांच्या वस्तीवरून पडली आहेत.

थोरल्या बाजीरावांनी १७३०–३२ मध्ये शनिवारवाडा बांधल्यानंतर सरदार, सावकार व भिक्षुक पुण्यात स्थायिक होऊ लागले आणि वाडे वाढले. वाड्याचा आकार खणांत, म्हणजे दोन खांबांमधील अंतराच्या मापात, मोजत. दिंडी दरवाजातून आलेला परका माणूस देवडीवर, म्हणजे दाराजवळील पहारेकऱ्यांच्या जागेत, थांबे, कामकाजासाठी आलेला पहिल्या चौकाच्या, म्हणजे आतील मोकळ्या अंगणाच्या, ओसरीपर्यंत जाई. माजघर, देवघर आणि स्वयंपाकघर मात्र घरच्यांचे असे. सोवळ्याओवळ्यामुळे पाण्याची व न्हाणीची सोय बहुधा मागील बाजूस, परसाकडे असे. एकत्र कुटुंबातील लग्नमुंजी चौकातच होत असल्याने तो ऐसपैस ठेवावा लागे. सागवानी खांब आणि कडीपाट (लाकडी तुळया व फळ्यांचे छत) यांवर उभ्या राहिलेल्या या बांधकामातील सुतारांचे कसब विश्रामबागवाड्याच्या (१८०७) दर्शनी नक्षीकामात आजही पाहावयास मिळते.

नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने शहरातील हौदांत आणले. त्या काळाचे हे मोठे स्थापत्यकार्य खरे. पण अस्पृश्य मानलेल्या समाजांना सार्वजनिक पाणवठे बंदच होते. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये गंज पेठेतील आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. हे घर साधे असले, तरी पुण्याच्या वास्तुवारशात त्याचे स्थान कोणत्याही नक्षीदार वाड्याहून कमी मानता येणार नाही.

विसाव्या शतकात एकत्र कुटुंबे विभागली, खोल्या भाडेकरूंना दिल्या गेल्या आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठल्यामुळे डागडुजीचा खर्च मालकांना परवडेनासा झाला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील मातीकामाची अनेक घरे व वाडे कोसळले. उरलेल्यांपैकी बऱ्याच वाड्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती आल्या असून त्यांतील काहींवर पूर्वीच्या वाड्याचेच नाव कायम आहे.