मेहरूणची बोरं: जळगावच्या एका जुन्या जातीची पार्श्वभूमी

संक्रांतीच्या आठवड्यात जळगावात बोरं घ्यायला गेलं की आता सगळ्यात पुढे अ‍ॅपल बोर मांडलेलं असतं, हिरवंगार, गुळगुळीत, लहान सफरचंदाएवढं. मेहरूणचं बोर मात्र विचारावं लागतं. नव्या पिढीतल्या बऱ्याच जणांना मेहरूण म्हणजे फक्त तलाव आणि चौपाटी माहिती आहे, या नावाची बोराची जात आहे आणि कृषी विभागाच्या जुन्या शिफारशींमध्ये उमराण, कडाका, छुहारा यांच्या पंक्तीला मेहरूणचं नाव असायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून हे लिहितोय.

बोर आपल्याकडे फार जुनं आहे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या उत्खननात, म्हणजे साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातल्या वस्तीत, धान्याबरोबर बोराचे अवशेष सापडलेत. वैदिक सौत्रामणी यागात कुवल, बदर आणि कर्कंधू अशी तीन वेगवेगळी बोरं सांगितलीत, म्हणजे लहानमोठ्या, आंबटगोड जातींमधला फरक लोकांना तेव्हापासून कळत होता. खान्देशात तर बांधावर, नाल्याच्या काठावर, पडीक जमिनीत गावठी बोर आपोआप उगवतं. मूळ खोल जातं, ऐन उन्हाळ्यात झाड पानं गाळून स्वस्थ बसतं, त्यामुळे पावसाने दगा दिला तरी बोर मरत नाही.

मेहरूण हे पूर्वी जळगावच्या शेजारचं गाव, आज शहराचाच भाग. तिथल्या शिवारातलं बोर लांबट, टोकाला निमुळतं, पिकलं की पिवळसर तांबूस होणारं आणि गोड, पण गोडीच्या मागे जराशी आंबट चव राहतेच आणि माझ्या मते खरी गंमत त्या आंबटपणातच आहे.

१९०६ साली खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, जळगाव पूर्व खान्देशचं मुख्य ठिकाण झालं आणि शहर वाढायला लागलं. २००३ ला महानगरपालिका झाली. गावाला लागून असलेल्या शेतांचे प्लॉट पडले, कॉलन्या आल्या, त्यात बोरीचं झाड कोण ठेवणार, काटे असतात ना. दुसरीकडे १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि राज्यात कोरडवाहू बोराच्या बागा भरपूर लागल्या. शेतकऱ्यांचा चांगला फायदा झाला, पण लावली गेली ती जास्त करून उमराण आणि कडाका, कारण फळ मोठं, वजनाला भरणारं. आणि आता थायलंडकडून आलेलं अ‍ॅपल बोर, जे वर्षभरातच फळ द्यायला लागतं. शेतकऱ्याने ते लावलं यात त्याची काहीच चूक नाही, पण खाणाऱ्यांनी तरी फरक ओळखावा असं मनापासून वाटतं.

फरक स्वयंपाकघरात लगेच कळतो. अ‍ॅपल बोर करकरीत, पाणीदार, कापून मीठ लावून खायला छान, पण वाळवलं की त्यात राहतं काय? बोरकूट करायचं तर गर आणि आंबटपणा दोन्ही लागतात. पिकलेली बोरं धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, कडक वाळवायची, कुटायची, चाळून बिया काढायच्या आणि त्यात मीठ, तिखट, थोडा गूळ. शाळेबाहेर कागदाच्या पुडीत मिळायचं तेच हे. वाळलेली बोरं गुळाच्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून उकडली की त्यांचा दाटसर रस होतो, भाकरीबरोबर तोंडी लावायला हे इतकं सुंदर लागतं की दुसरी भाजी नसली तरी चालतं. भोगीच्या मिसळीच्या भाजीत वांगी, हरभरा, घेवडा यांच्याबरोबर चार बोरं पडतात, तिथेही गोडमिट्ट बोर घातलं तर भाजीची चव बिघडते. बाकी तुळशीच्या लग्नाला 'बोर भाजी आवळा' म्हणत पहिलं बोर, संक्रांतीला सुगडात, मुलांच्या बोरन्हाणाला डोक्यावरून आणि महाशिवरात्रीला महादेवाला, असा बोराचा सगळा सीझन सणांनीच भरलेला आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मेहरूणच्या बोराची बी लावून मेहरूणचंच बोर मिळेल याची खात्री नाही, कारण बोरात परपरागीकरण होतं, म्हणजे दुसऱ्या झाडाचे पराग येऊन फळ धरतं, आणि बियांपासून आलेलं झाड कसंही निघू शकतं. जात टिकते ती डोळा भरून, म्हणजे झाडाच्या फांदीवरचा फुटणारा कोंब (डोळा) सालीसकट काढून दुसऱ्या रोपावर बसवून. गावठी बोराचं बी जागेवरच लावायचं कारण सोटमूळ हलवलेलं त्याला सोसत नाही, आणि मग त्या रोपावर चांगल्या झाडाचा डोळा बसवायचा. म्हणूनच जुनं कलमी झाड बुंध्यातून तोडलं की खालून परत फुटवे येतात खरे, पण ते खालच्या गावठी बोराचे असतात, मेहरूणचे नाही. लोकांना वाटतं झाड वाचलं, प्रत्यक्षात जात गेलेली असते.

त्यामुळे कुणाच्या शेतात, वाड्यात, विहिरीजवळ मेहरूणचं जुनं झाड अजून असेल तर एप्रिल-मेमध्ये त्याची छाटणी करून घ्या, नवीन फूट येऊ द्या आणि पाऊस सुरू झाला की जून-जुलैत त्या फुटीवरचे डोळे काढून बांधावरच्या गावठी रोपांवर भरा. डोळे भरणारा माणूस जवळच्या नर्सरीत मिळतो, आणि शेजारी कुणी मागितली तर डोळे असलेली एखादी काडी त्यालाही द्या.