ब्लॉक अक्षरे (देवनागरी)

सगळीकडे सारख्या जाडीच्या पट्ट्यांनी, चौकटीत बसवून काढलेली अक्षरे. ‘ठोकळा अक्षरे’ असेही म्हणतात. दुकानाची पाटी, मंडळाचा फलक, विज्ञान प्रदर्शनातला तक्ता, शाळेच्या भिंतीवरचे घोषवाक्य अशा लांबून वाचायच्या मजकुरासाठी ती वापरतात. ही अक्षरे लिहीत नाहीत, काढतात. आधी पेन्सिलीने बाह्यरेषा, मग आत रंग. बोरूने लिहिताना जाड-बारीकपणा बोरूच्या तिरक्या कापातून आपोआप येतो. इथे ती मदत नसते. जाडी आधी ठरवायची, पट्टीने मोजायची आणि शेवटच्या अक्षरापर्यंत पाळायची. त्यामुळे हस्ताक्षर यथातथाच असलेल्यालाही ही अक्षरे उत्तम जमू शकतात.

महाराष्ट्रात अनेकांची त्यांच्याशी पहिली ओळख होते ती कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांच्या तयारीत. तिथे अक्षरलेखन भूमितीच्या जोडीने येते आणि ही जोडी योग्यच आहे. समांतर रेषा, काटकोन आणि समान अंतरे नीट जमली की अर्धे काम झालेले असते.

उरलेले अर्धे काम मात्र मोजपट्टीने होत नाही. नवशिक्याचे सगळे लक्ष अक्षराच्या पट्टीकडे, म्हणजे रंगवायच्या भागाकडे असते. अक्षर ओळखू येते ते आतल्या आणि बाजूच्या मोकळ्या जागेमुळे. जाडी वाढवली की ही जागाच आधी खाल्ली जाते, आणि देवनागरीत ती मुळातच कमी आहे.

चौकटीच्या वहीवर हे लगेच दिसते. रोमन ‘ई’ (E) उंचीच्या पाच भागांत चोख बसतो: तीन आडव्या पट्ट्या, मध्ये दोन मोकळ्या जागा. तोच हिशेब ‘व’ला लावला तर पहिला भाग शिरोरेषेला, दुसरा मोकळा, आणि उरलेल्या तिनांत पोटाची वरची बाजू, पोकळी, खालची बाजू. पोट संपते तिथेच दंडही (अक्षराची उभी पट्टी) संपतो आणि ‘व’ जमिनीवर बसल्यासारखा दिसतो. दंड खाली उतरवायचा तर सहावा भाग लागतो. आता याच ‘व’चा ‘ब’ करून पाहावा. पोटात तिरकी पट्टी टाकायला एका भागाची पोकळी पुरत नाही, ती दोन भागांची करावी लागते. म्हणजे उंची सात भागांची झाली. ‘प’ आणि ‘ष’चेही असेच. म्हणून मजकुरातले सर्वांत गर्दीचे अक्षर आधी काढून पाहावे आणि त्याला सोसेल तीच जाडी सगळ्या शब्दाला द्यावी. उलट क्रमाने गेले की शब्दाच्या मध्यावर अडकायला होते.

शिरोरेषेची फट हा दुसरा मोठा धडा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ हातच्या लिखाणात डाव्या टोकाच्या वळणामुळेही वेगळे कळतात. ब्लॉकमध्ये वळणे सरळ होतात, गाठी चौकोनी होतात आणि फरकाचा बहुतेक भार शिरोरेषा कुठे तुटते यावर येतो. ही फट अरुंद ठेवली तर लांबून डोळा ती भरून काढतो आणि ‘धन’ हा शब्द ‘घन’ वाचला जातो. फट निदान पट्टीच्या जाडीइतकी तरी हवीच. ‘ख’ची अडचण वेगळी: त्याचे दोन भाग खालून जोडले नाहीत तर तो ‘रव’ होतो.

सुरुवात उजवीकडे दंड असलेल्या ‘ग, न, त, प, म’ या अक्षरांनी करणे सोपे जाते. मग दंड मधोमध असलेली ‘क’ आणि ‘फ’ घ्यावीत. यांना दोन्ही बाजूंना जागा लागते, म्हणून ती इतरांपेक्षा रुंद ठेवतात. सगळी अक्षरे एकाच रुंदीत कोंबण्याचा हट्ट धरू नये. ‘र’ अरुंदच चांगला दिसतो. ‘अ, झ, ळ, क्ष, ज्ञ’ शेवटी. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचेच काढावेत, म्हणजे पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’. राज्य शासनाने २००९ च्या वर्णमालेत हीच वळणे स्वीकारली आहेत, आणि आपल्या पाट्यांवरून ती जाऊ नयेत.

अक्षरांमधले अंतर मोजून सारखे ठेवले तरी डोळ्याला सारखे दिसत नाही. ‘मामा’ या शब्दात दंडाला लागून दंड येतात, तिथे अंतर थोडे वाढवावे लागते. ‘दरड’मध्ये शिरोरेषेखाली आधीच कडेला मोकळी जागा असते, तिथे अक्षरे जवळ ओढावी लागतात. हे अंदाजानेच येते. कागद उलटा धरून पाहिला की अर्थ मागे पडतो आणि दाटी-विरळी चटकन नजरेत भरते.

मात्रा, वेलांटी, रफार यांसाठी शिरोरेषेच्या वर आणि उकारासाठी दंडाखाली जागा आधीच आखून ठेवतात. मजकूर कागदावर मध्यभागी बसवताना या वरच्या-खालच्या दोन्ही जागा धरूनच उंची मोजावी. नाहीतर ‘पूर्णिमा’चा रफार कडेला जाऊन टेकतो. साहित्य साधेच लागते: एचबी पेन्सिल, पट्टी, गुण्या, चपटा ब्रश आणि पोस्टर कलर. भिंतीवर काम असेल तर पेंटर खडू लावलेला दोरा ताणून फटकारतात, एका झटक्यात सरळ रेघ उमटते.

मराठी अक्षररचनेत कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या जाहिरातींमधली शीर्षके हाताने घडवली. शब्दाचा स्वभाव अक्षराच्या आकारात कसा आणायचा, हे त्यांच्या कामाइतके स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसते. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी मुंबईत अक्षररचना शिकवली. संगणकावरचा ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांचाच.

साधा ब्लॉक हाताखालून गेला की सावली देऊन अक्षर उठावदार करता येते. सावलीची दिशा एकच धरतात, बहुधा उजवीकडे खाली ४५ अंशांत, आणि प्रत्येक कोपऱ्यातून तेवढ्याच लांबीची रेघ काढतात. देवनागरीत शिरोरेषेची सावली थेट अक्षराच्या पोटात उतरते. म्हणून सावली द्यायची असेल तर पट्टी आधीच बारीक घ्यावी, आणि सावलीची खोली पट्टीच्या जाडीपेक्षा कमी ठेवावी.