स्पर्धा, जैव (मराठवाड्याच्या संदर्भात)

पाणी, चारा, प्रकाश, घरट्याची जागा यांसारख्या एखाद्या अपुऱ्या साधनावर दोन किंवा अधिक जीव अवलंबून असल्याने त्यांच्यापैकी एकाच्या वा सर्वांच्या वाढीत, जगण्यात किंवा प्रजननात घट येते, तेव्हा त्या संबंधास जैव स्पर्धा म्हणतात. साधन अपुरे असणे ही यातील मुख्य अट होय. श्रावणात भरल्या डोहावर गुरे आणि हरणे पाणी पितात, ती स्पर्धा नव्हे. चैत्रात तोच डोह आटत आला की ती सुरू होते. स्पर्धा एकाच जातीच्या जीवांत असते, तशीच भिन्न जातींतही असते.

परिभाषेबाबत एक खुलासा आवश्यक आहे. जुन्या मराठी शास्त्रीय लेखनात ‘स्पीशीज’साठी ‘जाती’ व ‘जीनस’साठी ‘प्रजाती’ हे शब्द रूढ होते. अलीकडे, विशेषतः वर्तमानपत्रांत, ‘प्रजाती’ हाच शब्द ‘स्पीशीज’साठी वापरतात. त्यातच ‘अंतर्जातीय’ आणि ‘आंतरजातीय’ हे शब्द दिसायला जवळजवळ सारखे, आणि दुसरा तर लग्नाच्या संदर्भात पक्का बसलेला. प्रस्तुत नोंदीत ‘जातीतील’ व ‘जाती-जातींमधील’ असे साधे शब्द घेतले आहेत.

एखाद्या जातीला जगण्यासाठी लागणारी परिस्थिती व साधने आणि तिची समुदायातील भूमिका यांना मिळून ‘निश’ म्हणतात; या नोंदीत त्यासाठी ‘कोनाडा’ हा शब्द घेतला आहे. ‘निश’साठी ‘अधिवास’ हा शब्द काही पाठ्यपुस्तकांत आढळतो, तो चुकीचा आहे. अधिवास म्हणजे राहण्याचे ठिकाण. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ भिंतीतील कोनाडा, म्हणजे मराठवाड्यातील माळवदाच्या घरात दिवा ठेवतात ती देवळी. परिस्थितिविज्ञानात हा शब्द प्रथम कोणी वापरला याविषयी मतभेद आहेत. हा मान बहुधा जोसेफ ग्रिनेल यांना (१९१७, कॅलिफोर्नियातील थ्रॅशर पक्ष्याच्या अभ्यासासाठी) दिला जातो. परंतु रॉस्वेल जॉन्सन यांनी १९१० मध्येच तो वापरल्याचे नंतर निदर्शनास आले. चार्ल्स एल्टन यांनी १९२७ मध्ये त्याला ‘समुदायातील जीवाचे काम’ असा अर्थ दिला. जी. ई. हचिन्सन यांनी १९५७ मध्ये तापमान, ओलावा, भक्ष्याचा आकार अशा अनेक अक्षांनी बनलेले अवकाश अशी व्याख्या केली. हा भेद केवळ शाब्दिक नाही. ग्रिनेल-एल्टन यांचा कोनाडा भिंतीत असतो, त्यामुळे तो रिकामाही राहू शकतो. हचिन्सन यांचा कोनाडा जातीच्या अंगचा असतो; जाती नसेल तर तोही नाही. स्पर्धेचा विचार करताना दुसरी व्याख्या अधिक उपयोगी पडते, कारण तिच्यात एखादी जाती एकटी असताना जेवढे अवकाश व्यापू शकते ते (मूलभूत) आणि शेजाऱ्यांच्या दडपणाखाली प्रत्यक्षात व्यापते ते (वास्तव) असा फरक करता येतो.

आल्फ्रेड लोटका (१९२५) व व्हीटो व्होल्टेरा (१९२६) यांनी स्पर्धेसाठी मांडलेल्या गणिती समीकरणांचे सार असे : प्रत्येक जाती परक्या जातीपेक्षा स्वतःलाच अधिक आवर घालत असेल, तर दोन्ही टिकतात. मॉस्कोतील जी. एफ. गाउझे यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पॅरामिशियम या एकपेशीय सूक्ष्मजीवाच्या दोन जातींपैकी पॅरामिशियम ऑरेलिया हिने पॅरामिशियम कॉडेटम हिला संपविले. मात्र त्यांच्या नंतरच्या प्रयोगांत कॉडेटम व बर्सारिया या जोडीत एक वरच्या थरात, तर दुसरी तळाशी खात राहिल्याने दोन्ही टिकल्या. एकच कोनाडा असलेल्या दोन जाती कायम एकत्र टिकू शकत नाहीत, या तत्त्वास ‘स्पर्धात्मक वर्जन तत्त्व’ हे नाव गॅरेट हार्डिन यांनी १९६० मध्ये रूढ केले. दोन जाती एकत्र टिकल्या की त्यांचे कोनाडे वेगळे असणारच, असे म्हणून हे तत्त्व कधीच खोटे पडू न देणे शक्य होते; ही टीका रास्त वाटते.

एकाच जातीतील स्पर्धा अधिक तीव्र असते, हे डार्विन यांनी १८५९ मध्येच नोंदविले होते. भाऊबंदकी पाहिलेल्या वाचकास ते वेगळे सांगायला नको. ए. जे. निकल्सन यांनी १९५४ मध्ये तिचे दोन प्रकार मानले. एकात साधन सर्वांत वाटले जाते व अखेर कोणालाच पुरत नाही, तिला ‘ओरबाड’ म्हणता येईल. दुसऱ्यात काहींना पुरेसे मिळते व उरलेल्यांना काहीच नाही, तो ‘कब्जा’. याचे उत्तम उदाहरण मराठवाड्यातील कोणत्याही घरात, तुरीच्या पोत्यात सापडते. भुंगा (कॅलोसोब्रुकस प्रजातीतील जाती) बहुधा शेतातच वाळत्या शेंगांवर अंडी घालतो आणि खळ्यावरून साठवणीत येतो. मूठभर तूर उजेडात धरली तर दाण्यांवर मोहरीहून लहान, चिकटलेले ठिपके दिसतात. ताजे अंडे काचेसारखे असते. आतील अळी अंड्याच्या बुडातूनच थेट दाण्यात शिरते, मागचे कवच भुशाने भरते आणि ठिपका पांढरा होतो. एका दाण्यावर असे चार-पाच ठिपके असले, तरी प्रौढ भुंगा बाहेर पडल्याचे गोल छिद्र बहुधा एकच, क्वचित दोन. बाकीच्या अळ्या आतच संपलेल्या असतात. मादीलाही याची जाणीव असावी असे तिच्या वागण्यावरून दिसते : अंडे असलेला दाणा ती शक्यतो टाळते आणि कोरे दाणे संपल्यावरच दुसरे अंडे घालते. त्यामुळे कीड नवी असताना पोत्यातील अंडी आश्चर्य वाटावे इतकी समान विखुरलेली असतात. कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस या एकाच जातीत दोन्ही रीती आढळतात. दक्षिण भारतातील, मुगावर पोसलेल्या वाणात अळ्या परस्परांना सहन करीत नाहीत व एकच प्रौढ निघतो. ब्राझीलमधील, चवळीवर पोसलेल्या वाणात एका दाण्यातून अनेक निघतात. मुगाचा लहान दाणा दोघांना पुरत नाही, हे याचे कारण असावे. तुरीची डाळ करून ठेवल्यास भुंगा कमी लागतो, कारण मादी गुळगुळीत अख्खा दाणा पसंत करते.

पिठातील तांबड्या भुंगेऱ्याची (ट्रायबोलियम कॅस्टेनियम) ट्रायबोलियम कन्फ्यूजम या जातीशी झुंज शिकागो येथे टॉमस पार्क यांनी लावली. ३४° से. व ७०% आर्द्रतेत तांबडा भुंगेरा नेहमी जिंकला, २४° से. व ३०% आर्द्रतेत नेहमी हरला. मधल्या परिस्थितीत कोण जिंकेल हे आधी सांगता येत नव्हते.

शेतीत दाट पेरणीचा परिणाम सर्वज्ञात आहे. रब्बी ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. पाऊस संपलेला असतो, म्हणजे साधन ठरावीक आणि रोज घटणारे. म्हणून ४५ × १५ सेंमी. अंतर ठेवून विरळणी करतात. ती टाळली तर ताटे उभी राहतात, पण कणसे पोसत नाहीत. सोयाबीन व तूर यांचे आंतरपीक (बहुधा चार ओळींस दोन) हे कोनाडे वेगळे असण्याचे उदाहरण. सोयाबीन साधारण १०० दिवसांत निघते; तोवर तूर हळू वाढते. सोयाबीन काढल्यावर ती पसरते, आणि तिचे सोटमूळ खालची ओल घेते. तूर तुरीशी जेवढी भांडते तेवढी सोयाबीनशी भांडत नाही, एवढाच याचा अर्थ. ऑगस्टमध्ये मोठी उघडीप पडली तर मात्र दोन्ही एकाच वरच्या थरातील ओलीवर येतात. अशा पिकांचा फायदा ‘भूमी समतुल्य गुणोत्तरा’ने (तेवढेच उत्पादन पिके वेगवेगळी घेऊन मिळविण्यास मिश्र पिकाच्या किती पट जमीन लागेल, त्या आकड्याने) मोजतात, ते १ पेक्षा जास्त असल्यास मिश्रण किफायतशीर.

बांधावरील काँग्रेस गवत (पार्थेनियम) स्थानिक गवतांना हटविते. ते पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदत कायद्याखाली आलेल्या गव्हाबरोबर आले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. परंतु भारताचा त्याखालील पहिला करार ऑगस्ट १९५६ चा, तर पुण्यातील नोंद साधारणतः १९५५ ची मानतात. शिवाय वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांच्या १८१४ च्या वनस्पतींच्या यादीत ही वनस्पती असल्याचे काही वनस्पतिशास्त्रज्ञ दाखवितात. गव्हामुळे प्रसार वाढला असेल, पण आगमन त्याआधीचे असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याच्या पार्थेनिन या द्रव्यामुळे शेजारच्या बियांची उगवण रोखली जाते, तेव्हा यास निव्वळ स्पर्धा म्हणावे की विषप्रयोग, हा प्रश्न उरतोच. त्यावर तरोट्याचे बी टाकण्याचा उपाय सुचविला जातो. त्यासाठी वापरतात तो तरोटा (सेना युनिफ्लोरा) स्वतः अमेरिकेतूनच आलेला आहे.

माळरानावरील काळवीट व शेळ्यामेंढ्या यांच्यातील स्पर्धेचा उल्लेख वारंवार होतो. आहार सारखा असणे हा मात्र तिचा पुरावा नव्हे; चारा अपुरा असून त्यामुळे घट येते, हेही दाखवावे लागते.

नांदेडजवळ गोदावरीवर तीन खंड्ये एकत्र दिसतात. कवड्या खंड्या खुल्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत राहून सूर मारतो. लहान खंड्या काठच्या झुकल्या फांदीवरून बारीक मासे टिपतो. पांढऱ्या छातीचा खंड्या पाण्यापासून दूर, तारेवर बसून सरडे आणि नाकतोडेही खातो. ही वाटणी जुन्या स्पर्धेतून आली, असे म्हणण्याचा मोह होतो. जोसेफ कॉनेल यांनी १९८० मध्ये अशा स्पष्टीकरणांना ‘गतस्पर्धेचे भूत’ म्हटले. त्यांनी स्वतः स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर खडकांवरील एका जातीचे बार्नेकल (खडकाला चिकटून राहणारे कवचधारी सागरी प्राणी) खरवडून काढले. तेव्हा दुसरी जाती खाली उतरून जगली (१९६१), आणि मगच तिला स्पर्धेने वर ढकलले होते हे सिद्ध झाले. खंड्यांच्या बाबतीत असे कोणालाही खरवडता येत नाही.